रस्ता अपघातानंतरचे हक्क आणि कागद : सोलापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सोलापूर हे महामार्गांच्या चौफुलीवर वसलेले शहर आहे. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५, धुळे-बीड-तुळजापूरमार्गे येऊन विजापूरकडे उतरणारा ५२ आणि सांगली-मंगळवेढ्याकडून येणारा १६६ हे तिन्ही येथे एकत्र येतात. या वेगवान रस्त्यांवरून आणि त्यांना जोडणाऱ्या शहरातील रस्त्यांवरून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाळीला निघालेला यंत्रमाग कामगार सायकलवर जातो, विड्यांचा माल पोहोचवण्यासाठी बायका पायी चालतात, नवरात्रात आणि कोजागरीला हजारो भाविक अनवाणी तुळजापूरची वाट धरतात, आणि गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री अंधारात, पुष्कळदा मागे परावर्तक पट्टीही नसताना, रांगेने कारखान्याकडे निघालेले असतात. अपघात झाला की यांपैकी बहुतेकांच्या घरात कमावता माणूस एकच असतो, आणि कायद्याने त्या घराला काय दिले आहे हे सांगणारे सहसा कोणी जवळ नसते.

संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याचा हक्क रस्त्यावरही लागू आहे, हे आपल्या न्यायालयांनी अनेक निकालांत स्पष्ट केले आहे. तातडीचे उपचार, निःपक्ष तपास, योग्य भरपाई आणि सुरक्षित रस्ता या त्या हक्काच्याच बाजू आहेत. तरीही प्रत्यक्षात दावा टिकतो की ढासळतो हे बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांत तयार झालेल्या, किंवा तयार न झालेल्या, कागदांवर ठरते. म्हणून पुढील मांडणी अपघाताच्या क्षणापासून रक्कम हातात पडेपर्यंतच्या क्रमाने केली आहे.

पहिला तास

१०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस, हे दोन्ही फोन करावेत. फक्त रुग्णवाहिकेला फोन करून थांबू नये, कारण ११२ वरील फोनची वेळ आणि ठिकाण नोंदले जाते व पुढे अपघात नेमका कधी, कोठे झाला याचा तो स्वतंत्र पुरावा ठरतो.

रुग्णालय सरकारी असो वा खासगी, जखमीला तातडीचे उपचार देणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच हे सांगितले, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या (पुढे कायद्याचे नाव न देता आलेली कलमे याच कायद्याची आहेत) कलम १३४ मध्येही कर्तव्यावरील डॉक्टरने कोणत्याही औपचारिकतेसाठी न थांबता जखमीकडे लक्ष द्यावे असे स्पष्ट लिहिले आहे. ‘आधी पोलीस येऊ द्या’, ‘आधी अनामत भरा’ असे ऐकू आल्यास वाद घालण्यात वेळ न दवडता या कलमाचा शांतपणे उल्लेख करावा, उपचार नाकारले जात आहेत हे लेखी मागावे, आणि तेवढ्यात ११२ वर पुन्हा फोन करून तसे कळवावे. लेखी मागितल्यावर बहुतेक ठिकाणी सूर बदलतो. रुग्ण हलवण्यासारखा असेल तर छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, हा सर्वांसाठी खुला पर्याय आहेच.

खर्चाच्या बाबतीत २०२५ साली एक महत्त्वाची तरतूद आली. कलम १६२ मध्ये अपघातानंतरच्या पहिल्या तासातील, म्हणजे ‘गोल्डन अवर’मधील, उपचारांसाठी रोकडरहित योजना करण्याचे बंधन केंद्र सरकारवर होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये खडसावल्यानंतर ५ मे २०२५ रोजी ती योजना अधिसूचित झाली. मोटार वाहनामुळे कोणत्याही रस्त्यावर जखमी झालेल्या व्यक्तीला नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून जास्तीत जास्त ७ दिवस, १,५०,००० रुपयांपर्यंतचे उपचार या योजनेतून मिळतात. जे रुग्णालय नियुक्त नाही तेथे रुग्णाची प्रकृती स्थिर करण्यापुरतेच उपचार योजनेत धरले जातात. त्यामुळे दाखल करतानाच ‘हे रुग्णालय रस्ता अपघाताच्या रोकडरहित योजनेत आहे का?’ हा प्रश्न विचारावा.

दाखल होताना केसपेपरवर ‘रस्ता अपघात’ अशी नोंद आणि वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाचा, म्हणजे एमएलसीचा, क्रमांक पडला आहे याची खात्री करून घ्यावी. घाबरलेले नातेवाईक किंवा धडक देणाऱ्याचे परिचित कधी कधी ‘घसरून पडला’ असे सांगून मोकळे होतात, आणि ते एक वाक्य पुढे विमा कंपनीचा वकील वर्षानुवर्षे वापरतो. चुकीची नोंद झाली असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागावी. रक्ताने माखलेले कपडे, फुटलेले हेल्मेट, तुटलेली चप्पल टाकून देऊ नये.

मदत करणाऱ्याला कायद्याचे कवच

‘मदत करायला गेलो आणि पोलिसांच्या फेऱ्यात अडकलो’ ही भीती आजही आसरा चौकापासून बाळ्यापर्यंत सगळीकडे ऐकू येते. तिला आता कायद्यात आधार उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले आणि २०२० मध्ये त्याचे नियमही झाले. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला स्वतःचे नाव, पत्ता किंवा फोन क्रमांक सांगण्याची सक्ती करता येत नाही, त्याला रुग्णालयात अडवून ठेवता येत नाही, आणि सद्भावनेने केलेल्या मदतीत काही कमी-जास्त झाले तर त्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. तो स्वेच्छेने साक्षीदार व्हायला तयार असेल तर त्याचा जबाब एकदाच, त्याच्या सोयीच्या ठिकाणी व वेळी घ्यावा लागतो, आणि त्याच्या घरी किंवा कामाच्या जागी जायचे असेल तर पोलिसांनी साध्या वेशात जायचे असते.

गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्राची ‘राहवीर’ योजना आहे; तिच्यातील बक्षीस २०२५ मध्ये ५,००० वरून २५,००० रुपये झाले. अपघात पाहिलेल्यांनी साक्ष द्यावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. जखमीच्या कुटुंबाकडे पुष्कळदा तेवढा एकच आधार असतो.

पोलीस ठाण्यात

प्रथम हद्द समजून घ्यावी. शहर आयुक्तालयाची पोलीस ठाणी वेगळी आणि पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतील सोलापूर ग्रामीणची ठाणी वेगळी. मोहोळ, टेंभुर्णी, अक्कलकोट या बाजूचे अपघात ग्रामीणकडे जातात. मात्र ‘आमची हद्द नाही’ या कारणाने फिर्याद नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा असतो. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. जखमी रुग्णालयात आहे, घरातील दुसरे कोणी जाऊ शकत नाही, अशी स्थिती असेल तर माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवता येते. त्यावर ३ दिवसांच्या आत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य मिळते आणि ती मागून घेतल्याशिवाय ठाणे सोडू नये.

फिर्याद घेतलीच नाही तर त्याच कलमाच्या चौथ्या उपकलमानुसार माहितीचा सारांश लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, शहरात पोलीस आयुक्तालयातील वरिष्ठांकडे, पाठवावा आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. अर्ज पोस्टाच्या नोंदणीकृत सेवेने पाठवून पोच जपावी. उपचारांच्या धावपळीत फिर्याद द्यायला काही दिवस उशीर झाला म्हणून खचून जाऊ नये; केवळ एफआयआरला उशीर झाला या कारणाने भरपाईचा दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११ च्या निकालात सांगितले आहे. उशिराचे कारण मात्र फिर्यादीत लिहिलेले असावे.

येथे एका प्रथेबद्दल स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. धडकेनंतर जागेवरच वाहनमालकाचे लोक जमतात, पंधरा-वीस हजार रुपये पुढे करतात, ‘केस केली तर वर्षे जातील’ असे समजावतात आणि एका कागदावर सही घेतात. डोक्याला मार लागलेल्या माणसाचा खरा खर्च त्या वेळी कोणालाच माहीत नसतो. अशी तडजोड करू नये, सही तर मुळीच करू नये. तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे वाहनामुळे इतरांच्या होणाऱ्या हानीचा, विमा प्रत्येक वाहनाला कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे, त्यामुळे भरपाई मागितल्याने समोरचा गरीब चालक देशोधडीला लागेल ही भीतीही बहुतेक वेळा अनाठायी असते. रक्कम विमा कंपनी भरते.

फिर्याद ज्या भाषेत सांगता येते त्याच भाषेत सांगावी. सोलापुरात कित्येक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते, आणि मराठीत लिहिलेला जबाब न समजता त्यावर अंगठा उठवला जातो. जबाब वाचून दाखवण्याचा, समजावून सांगण्याचा आग्रह धरावा. ‘रस्ता ओलांडत असताना’ आणि ‘रस्त्याच्या कडेने चालत असताना’ या दोन शब्दप्रयोगांमुळे दोष कोणाचा याचा निर्णय बदलू शकतो.

घटनास्थळाच्या पंचनाम्याकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. रस्त्याची रुंदी, दुभाजक आहे की नाही, टायर घसरल्याच्या खुणा कोठून कोठपर्यंत आहेत, काचा व रक्त रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडले आहे, पथदिवे चालू होते का, गतिरोधक किंवा फलक होता का, या गोष्टी त्यात यायला हव्यात. पंचनामा होण्यापूर्वी गाड्या हलवल्या जात असतील तर आपल्या मोबाइलवर चारही बाजूंनी, जवळची दुकानाची पाटी किंवा किलोमीटरचा दगड दिसेल अशी, छायाचित्रे काढावीत. जवळच्या पेट्रोल पंपाच्या, ढाब्याच्या किंवा चौकातील सीसीटीव्हीचे चित्रण फार दिवस राहत नाही, म्हणून ते जप्त करावे असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला शक्यतो दुसऱ्याच दिवशी द्यावा. वाहनाचा क्रमांक मिळाला असेल तर एम-परिवहन ॲपवर विमा कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे तेही पाहता येते.

तपास अधिकाऱ्याचे ४८ तास, ५० दिवस आणि ९० दिवस

एप्रिल २०२२ पासून लागू झालेली ही पद्धत अजून पुष्कळ कुटुंबांना आणि, खेदाने म्हणावे लागते, काही वकिलांनाही नीट माहीत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १५०-अ प्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. १० दिवसांच्या आत पीडिताला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना क्रमांक २ हातात द्यायचा असतो. ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल सादर व्हायला हवा. गोहर मोहम्मद खटल्यात डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वेळापत्रकाचे काटेकोर पालन करण्याचे आदेश दिले.

कुटुंबाने करायचे ते एवढेच, पण न चुकता करावे. अकराव्या दिवशी ठाण्यात जाऊन नमुना २ मागावा, पीडिताने भरायचा नमुना ६ वेळेत भरून द्यावा आणि त्यासोबत उत्पन्न, वय व अवलंबितांचे पुरावे जोडावेत. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, मुले असतील तर त्यांच्यासाठी नमुना ६-अ आहे. सविस्तर अहवालाची प्रत पीडिताला मिळते. कलम १६६ (४) प्रमाणे न्यायाधिकरणाने तो अहवालच भरपाईचा अर्ज मानायचा असतो. अहवाल मिळाल्यावर विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने कलम १४९ प्रमाणे ठरावीक मुदतीत तडजोडीची रक्कम सांगायची असते. ती पटली तर प्रकरण लवकर संपते. पटली नाही तर नाकारण्याचा पूर्ण हक्क कुटुंबाला आहे, आणि पुढे दिलेला हिशोब स्वतः केल्याशिवाय होकार देऊ नये.

धडक देऊन वाहन पळून गेले तर

अशा प्रसंगी मृत्यू झाल्यास २,००,००० आणि गंभीर दुखापत झाल्यास ५०,००० रुपये कलम १६१ खाली मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी या रकमा अनुक्रमे २५,००० आणि १२,५०० होत्या. अर्ज दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार दर्जाच्या महसूल अधिकाऱ्याकडे करायचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे, त्यामुळे प्लास्टर घातलेल्या माणसानेही अर्ज करावा. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या योजनेचा लाभ फारच थोड्यांना मिळत असल्याची दखल घेऊन, वाहन महिन्याभरात सापडले नाही तर पोलिसांनी पीडिताला योजनेची लेखी माहिती द्यावी, असा आदेश दिला. ती माहिती मिळाली नसली तरी अर्ज करण्यास अडचण नाही. वाहन नंतर सापडून पूर्ण भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून वळती होते.

भरपाईचा दावा

दावा अपघात जेथे झाला तेथे, अर्जदार जेथे राहतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणात करता येतो. पुण्याजवळ अपघातात गेलेल्या मुलाच्या अक्कलकोट तालुक्यातील आईने पुण्याला खेपा घालण्याची गरज नाही. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातील न्यायाधिकरणात ती अर्ज करू शकते.

मुदत ही आजची सर्वात धोक्याची जागा आहे. कलम १६६ (३) प्रमाणे अपघातापासून ६ महिन्यांत अर्ज व्हायला हवा. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि केवळ मुदतीच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत असे अंतरिम निर्देश नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले गेले आहेत. तरीही अंतरिम आदेशाच्या भरवशावर राहू नये. दहावे-तेरावे झाले की कागद गोळा करायला लागावे.

दोष कोणाचा हे सिद्ध करणे अवघड असेल तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५,००,००० आणि गंभीर दुखापतीसाठी २,५०,००० रुपये दोष सिद्ध न करता मागता येतात. परंतु तो मार्ग घेतला की कलम १६६ चा मार्ग बंद होतो. तरुण कमावता माणूस गेला असेल तर कलम १६६ खाली मिळणारी रक्कम पुष्कळ जास्त असते, त्यामुळे घाईने ५ लाखांवर समाधान मानण्यापूर्वी जाणकाराला विचारावे. ऊसतोड किंवा कारखान्याच्या कामावर असताना अपघात झाला असेल तर कर्मचारी नुकसानभरपाईचाही (पूर्वी कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, आता सामाजिक सुरक्षा संहिता) पर्याय असतो. दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो.

लागणारे कागद असे : एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मृत्यू असेल तर मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन अहवाल, जखमी असेल तर जखम प्रमाणपत्र आणि डिस्चार्ज कार्ड, सर्व बिले व औषधांच्या चिठ्ठ्या, वाहनाचे नोंदणीपत्र, विमा पॉलिसी व चालकाचा परवाना यांच्या प्रती, वयाचा पुरावा, वारसांचा पुरावा आणि उत्पन्नाचा पुरावा.

यांपैकी उत्पन्नाचा पुरावा येथेच बहुतेकांचे घोडे अडते. यंत्रमाग कामगाराला आठवड्याचा पगार रोख मिळतो, पगारपत्रक नसते. चादर-टॉवेलच्या कारखान्यातील शिलाईचे काम नगावर असते. अशा वेळी मालकाची हजेरीवही, मजुरीच्या चिठ्ठ्या, बँक किंवा पतसंस्थेच्या पासबुकातील आठवडी भरणा, बचत गटाच्या नोंदी, घरभाडे व मुलांच्या फीच्या पावत्या, सोबत काम करणाऱ्या दोघांची साक्ष, हे सगळे चालते. विडी कामगार महिलेचे ओळखपत्र, लॉगबुक आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी तर उत्तम पुरावा आहेत. चंद्रा विरुद्ध मुकेशकुमार यादव या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की पगाराचे प्रमाणपत्र नाही म्हणून किमान वेतनाचाच आकडा यांत्रिकपणे धरणे योग्य नाही. घर सांभाळणाऱ्या स्त्रीचेही उत्पन्न धरावे लागते. किर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या जानेवारी २०२१ च्या निकालात गृहिणीच्या श्रमाचे आर्थिक मूल्य ठामपणे मान्य झाले आहे. ‘ती काही कमवत नव्हती’ असे तिच्या घरच्यांनीच अर्जात लिहू नये.

आता हिशोब. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (३१ ऑक्टोबर २०१७) या निकालांनी सूत्र निश्चित केले आहे. समजा, ३४ वर्षांचा कामगार महिना १५,००० रुपये कमवत होता आणि मागे पत्नी, दोन मुले व आई असे चौघे आहेत. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये. स्वतंत्र किंवा ठरावीक मजुरीवर काम करणारा, वय ४० पेक्षा कमी, म्हणून भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २,५२,००० रुपये. अवलंबित ४ ते ६ असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, राहिले १,८९,०००. वयोगट ३१ ते ३५ साठी गुणक, म्हणजे वयानुसार ठरवून दिलेला गुणण्याचा आकडा, १६. गुणाकार ३०,२४,००० रुपये. यात मालमत्तेची हानी १५,०००, अंत्यविधी १५,००० आणि सहवासाच्या हानीपोटी चौघांना प्रत्येकी ४०,००० असे १,९०,००० मिळवले की ३२,१४,००० रुपये होतात. या शेवटच्या ठरावीक रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढवायच्या असल्याने प्रत्यक्ष आकडा थोडा अधिकच येतो, शिवाय अर्जाच्या तारखेपासून व्याज मागता येते. कायम नोकरी असती तर ४० टक्क्यांऐवजी ५० टक्के वाढ धरली गेली असती. ज्या घराला जागेवर वीस हजार दाखवले जातात, त्या घराचा कायदेशीर हक्क किती मोठा असू शकतो हे यावरून समजेल.

जखमी जिवंत असेल तर अपंगत्वाचे प्रमाणपत्र कळीचे ठरते, परंतु त्यावरील टक्केवारी हा शेवटचा शब्द नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालानुसार त्या अपंगत्वाने त्या माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला हे पाहायचे असते. गुडघा न वाकणे हे टेबलावर बसून काम करणाऱ्याला तितके बाधत नाही. पाळीभर मागाजवळ उभे राहणाऱ्याचे मात्र कामच सुटते. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष नोंदवून घ्यावी आणि त्यांना व्यवसायाचे स्वरूप विचारले जाईल असे पाहावे.

हेल्मेट नव्हते किंवा तिघे बसले होते, म्हणून भरपाई आपोआप कापली जात नाही. त्या चुकीमुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते, असे मोहम्मद सिद्दीक खटल्यात २०२० मध्ये ठरले. अर्थात हेल्मेटचा प्रश्न भरपाईपुरता पाहणे योग्य नाही. ते घालावेच.

स्वतःचीच गाडी घसरून मालक-चालकाचा मृत्यू झाला तर तिसऱ्या पक्षाचा विमा उपयोगी पडत नाही. मात्र पॉलिसीसोबत १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेले असू शकते. पॉलिसीचे पान नीट वाचून विमा कंपनीकडे तो दावा करावा.

खड्डा, उघडे गटार आणि सदोष रस्ता

चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये म्हटले, आणि १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये व जखमीला दुखापतीनुसार ५०,००० ते २,५०,००० रुपये देण्याचे निर्देश दिले. महापालिका क्षेत्रासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती त्यावर निर्णय घेते. ही रक्कम इतर कायदेशीर उपायांच्या व्यतिरिक्त आहे.

अर्जासोबत खड्ड्याचे मोजमाप दिसेल असे छायाचित्र, तारीख-वेळ, जवळची ओळखीची खूण आणि एमएलसीची प्रत जोडावी. खड्डा दोन दिवसांत बुजवला जातो, तेव्हा छायाचित्र त्याच दिवशी हवे. रस्ता महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा हे निश्चित नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर ते विचारता येते. त्याच अर्जात ठेकेदार कोण, दोष दायित्व कालावधी, म्हणजे रस्ता बिघडल्यास ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत, केव्हा संपतो आणि त्या जागेबद्दल आधी किती तक्रारी आल्या होत्या हेही मागावे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकांनुसार न केल्याने मृत्यू वा अपंगत्व आले तर कलम १९८-अ प्रमाणे संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला १,००,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पादचाऱ्यांचा विचार आपल्याकडे सर्वात शेवटी होतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा २१व्या अनुच्छेदातील हक्क मानला आहे. जेथे पदपथच नाही किंवा तो अतिक्रमणाने भरला आहे, अशा चौकाबद्दल महापालिकेकडे निवेदन देताना या निकालाचा आधार घ्यावा, आणि निवेदनावर आवक क्रमांक घ्यावा.

चालकाचेही हक्क

ज्याच्या हातून अपघात झाला त्याने थांबावे, जखमीला मदत करावी आणि जमावापासून जिवाला धोका असल्यास जवळच्या ठाण्यात जावे. २४ तासांत पोलिसांना कळवणे कलम १३४ प्रमाणे त्याचे कर्तव्य आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) खालील गुन्हा जामीनपात्र आहे; शिक्षा ५ वर्षांपर्यंत. अटक झाल्यास कारण सांगणे, नातेवाइकांना कळवणे आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे बंधनकारक आहे. नाक्यावर तपासणी होत असेल तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील कागदपत्रे ग्राह्य आहेत, आणि दंड भरल्यास पावती किंवा ई-चलन मागावे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर कलम १९९-अ प्रमाणे पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. बारावीच्या क्लासला जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

दाद मिळत नसेल तेव्हा

वकिलाची फी परवडत नाही म्हणून दावा सोडू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करावा. मार्गदर्शनासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

सरकारी रुग्णालयाने उपचार नाकारले, पोलिसांनी फिर्याद दाबली, चौकशीच्या नावाखाली मारहाण केली, अशा प्रकारांत महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीला शुल्क नाही आणि ती मराठीत करता येते, परंतु घटनेपासून एका वर्षाच्या आत ती करावी लागते. तक्रारीत तारीखवार घटनाक्रम, संबंधितांचे पद आणि आधी केलेल्या अर्जांच्या पोचप्रती असाव्यात. आयोगाच्या शिफारशींनी भरपाईच्या दाव्याची जागा भरून निघत नाही, म्हणून दोन्ही गोष्टी समांतर चालवाव्यात.

न्यायाधिकरणाचा निवाडा अपुरा वाटल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो, त्यामुळे त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. निवाडा झाल्यापासून ३० दिवसांत रक्कम जमा करणे विमा कंपनीला किंवा मालकाला बंधनकारक आहे. ती जमा झाली नाही तर कलम १७४ प्रमाणे वसुलीचा दाखला मागावा, आणि जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात.

रक्कम जमा झाल्यावर विधवा पत्नीच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते असावे. दिराच्या किंवा सासऱ्याच्या खात्यात ती जाऊ देऊ नये. अज्ञान मुलांचा हिस्सा न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवते. शाळा-महाविद्यालयाची फी किंवा शस्त्रक्रिया यांसाठी ती ठेव मुदतीपूर्वी हवी असेल तर खर्चाचा अंदाजपत्रक जोडून त्याच न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, आणि त्यासाठी मूळ निवाड्याची प्रमाणित प्रत व ठेवीची पावती घरात सुरक्षित ठेवलेली असावी.